तीन मजले उतरायचं गाणं

माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करतात आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. हा विनोद मी लग्न होऊन आल्यापासून करते आहे आणि भाऊजी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात. स्वभावच सोशिक. बोलणं तर जेवढ्यास तेवढं. कामावरून आले की हातपाय धुवायचे, जेवायचं आणि खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर बसून कानांवर हेडफोन चढवायचे.

ते इलेक्ट्रॉनिक संगीत करायचे. करायचे म्हणजे सुरू करायचे. लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज, मोटरची घरघर असं काहीबाही फोनवर टिपून आणायचे, त्याला ठेका जोडायचे, की झाला एक लूप. लूप म्हणजे काही सेकंदांचा तुकडा, संपला की पुन्हा पहिल्यापासून. मग त्यावर आणखी एक आवाज, त्यावर आणखी एक. तुकडा इतका गच्च भरायचा की पुढे काही घडायला जागाच उरायची नाही. मग तो सोडून नवा. असे ढीगभर तुकडे, आणि पूर्ण गाणं एकही नाही.

"भाऊजी, तुमचं गाणं म्हणजे कायम दारातच उभा राहिलेला पाहुणा. त्याला आत कधी घेणार?" मी चिडवायची.

"घेऊ की, वहिनी. घाई काय आहे?"

मग मी न्हाणीघरात घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवली. हाड जुळलं, पण धास्ती काही जाईना. समोरच्या इमारतीत माझं पाळणाघर आहे. ते माझी भागीदारीण एकटी रेटत होती. एक दिवस तिने फोनवर स्पष्टच सांगितलं, "या महिन्यात आलीस तर ठीक, नाहीतर बंद करूया. मला एकटीला नाही झेपत." खिडकीतून मला मुलं दिसायची. मधे एक रस्ता आणि तीन मजले. मला पॅसेजसुद्धा ओलांडता येत नव्हता.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ठेक्यावर चाला. हळू सुरुवात, मग वेग, मग विसावा." ठेक्यांचं तर घरात गोदामच होतं. भाऊजींनी लाजत लाजत एक लूप स्पीकरवर लावला आणि मी भिंत धरून निघाले. चार पावलांतच वैतागले.

"बंद करा ते! सगळं एकदम अंगावर येतंय. हे थांबणार कधी, बदलणार कधी, काही कळतच नाही. मी पाय टाकू कशाच्या भरवशावर?"

नंतर मला वाईट वाटलं. पण भाऊजींनी मनावर घेतलं ते वेगळ्याच अर्थाने. त्यांनी तो गच्च तुकडा पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने मांडला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भर घालायच्या ऐवजी खोडायला बसले. सुरुवातीचं सगळं पुसून फक्त एक मऊ ठोका ठेवला. दाराचा आवाज नंतर येईल असा सरकवला. मोटरची घरघर त्यांची भारी लाडकी. ती अर्धी कापताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या ताटातलं उचलून नेलंय. मी चालायची, ते माझ्या पायांकडे बघायचे आणि परत जाऊन खोडायचे. काही बदलणार असलं की आधी एक हलका सूर चढत यायचा. तो आला की माझं अंग आपोआप तयार व्हायचं.

एकदा मात्र फसलं. मोठा ठेका सुरू व्हायच्या आधी क्षणभर सगळं गप्प करायचं, अशी या संगीतात पद्धत आहे म्हणे. ऐकणाऱ्याला मजा येते. माझा पाय हवेत आणि गाणं गप्प! मी कपाटाला लटकले म्हणून वाचले. भाऊजी पांढरेफटक पडले. "चुकलो, वहिनी," एवढंच म्हणाले आणि त्या शांततेखाली तो मऊ ठोका परत घालून ठेवला.

महिना संपायच्या आत, एका सकाळी, मी इअरफोन लावून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. भाऊजी दोन पायऱ्या खाली, माझ्याकडे तोंड करून. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो एकटा ठोका, मग दार, मग घरघर, प्रत्येक वळणावर विसावा. शेवटच्या पायऱ्यांवर एकेक आवाज निघून गेला आणि मी रस्त्यावर होते. भागीदारीण समोरून धावत आली. मी तिथेच रडले, चारचौघांत.

दिवसभर मुलांत बसले. संध्याकाळी भाऊजी न्यायला आले. मी जिन्याखाली उभं राहून वर बघितलं आणि म्हटलं, "लावा गाणं."

भाऊजींनी जीभ चावली. "वहिनी, चढायचं गाणं केलंच नाही. उतरायचं चालणार नाही, त्याचे विसावे सगळे उलटे पडतील."

मी कपाळाला हात लावला. उतरण्याच्या नादात आम्हा दोघांनाही घरी परत यायचं सुचलंच नव्हतं! पाय दिवसभराने जड झालेला. उद्यापासून रोज चढता आलं नाही तर आजचं उतरणं फुकट, हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग घसा खाकरला.

"धुक्," ते म्हणाले. "धुक्... धुक्... हं, वहिनी, आता चांगला पाय वर. धुक्."

आणि माझे दीर, ज्यांनी कधी चारचौघांत तोंडातून सूर काढला नव्हता, भर संध्याकाळी जिन्यात तोंडाने ठेका धरून उलटे चढू लागले. दारं उघडली. कुणीतरी हसलं. त्यांचे कान लाल झाले, पण ठेका सुटला नाही. वळण आलं की तो चढता सूरसुद्धा काढायचे, बेसूर आणि अगदी वेळेवर. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा मला धाप नव्हती, त्यांनाच लागली होती.

आमच्या घरात एकमेकांचे आभार मानत नाहीत. मी मानले. दारातच, सगळे शेजारी बघत असताना, धाकट्या दिरासमोर हात जोडले.

"अहो वहिनी, काय हे," ते पुटपुटले, "चला आत."