रणगाड्यातले चार चौकोन

या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो. ओढ्याकाठी पांढरी साडी, पिंपळावरून कुणीतरी नाव घेऊन हाक मारतंय... चालू द्या आपलं. माझा देवावर विश्वास नाही, भुताखेतांवर तर मुळीच नाही. लष्करात पंधरा वर्षं मेकॅनिक होतो. बिघाडाला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत खोलत राहायचं, एवढंच मला येतं. पण एक बिघाड असा निघाला की खोलून खोलून हात दुखले, तरी कारण सापडलं नाही. यात भूत नाही हे आधीच सांगतो. यात वास आहे. जेवायला बसणार असाल तर नंतर वाचा.

सन त्र्याहत्तरचा उन्हाळा, नगरची छावणी. युनिटचं नाव लिहिणार नाही. माझं गाव नेवासा तालुक्यातलं, घोडेगावच्या शेजारी. वडील तिथल्या बाजारात म्हशींची दलाली करायचे, त्यामुळे शेण, मूत, किडे पडलेल्या जखमा यांच्यातच मी वाढलो. त्या दुष्काळात सुट्टीवर गेलो तर रस्त्याच्या कडेला मेलेली गुरं फुगून पडली होती. त्यांच्या शेजारून सायकल मारत घरी गेलो आणि पोटभर जेवलो. सांगायचा मुद्दा, माझं नाक नाजूक नाही.

आमच्याकडे एकाच पत्र्याखाली ओळीनं चार खोल्या होत्या – मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च. ज्याचा सण असेल त्याच्या खोलीत सगळ्यांनी जायचं, हा रिवाज. मी नवीन असताना मेजरसाहेबांना सांगून टाकलं, साहेब, मी काही मानत नाही. ते म्हणाले, "मत मानो. पर जूते बाहर उतारो." मग काय, मी चारही ठिकाणी जूते बाहेर उतारले आणि शिरा, कढाप्रसाद, शीरखुर्मा, केक सगळं चापलं. सांगायला हरकत नाही, कढाप्रसादाला तोड नव्हती.

तर आमच्याकडे शिकाऊ पोरांसाठी एक रणगाडा होता, एकाहत्तरच्या लढाईतून आलेला. त्याच्याबरोबर त्याचा लढाईतला ड्रायव्हरही आला होता – याकूब, सुप्याचा. तो आणि मी दोघंही नगर जिल्ह्यातले, म्हणून आमची पहिल्या दिवसापासून गट्टी. त्या रणगाड्याच्या टरेटमध्ये, म्हणजे वर तोफेसकट फिरणारा जो घुमट असतो त्याच्या आतल्या भिंतीवर, तळहाताएवढे चार चौकोन काढलेले होते. पांढऱ्या रंगात, एका ओळीत. लढाईला निघण्याआधी गनरनं काढलेले, चौघांचे चार. कमांडर सरदारजी, त्यांच्या चौकोनात शिखांचं 'एक ओंकार'. गनर राजस्थानचा, त्याचा शेंदरी मारुती. याकूबचं ७८६. चौथा लोडर, म्हणजे तोफेत गोळे भरणारा, केरळचा जोसेफ. त्याला गनरनं विचारलं, क्रॉस काढू का? जोसेफ म्हणाला, "अंदर कुछ नहीं. मगर डिब्बा बनाओ. डिब्बा मेरा भी होगा." म्हणून चौथा चौकोन रिकामा. मी या जोसेफला कधी पाहिलं नाही, पण ऐकलं तेव्हाच माणूस आवडून गेला.

आणि एक. चौघंही लढाईतून धडधाकट परत आले. त्या रणगाड्यात कुणी मेलेलं नव्हतं. तुम्ही आत्तापासूनच मनात जी गोष्ट रचायला घेतली असेल ती सोडून द्या.

त्या उन्हाळ्यात मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. आतून नवा रंग द्या, असा हुकूम आला. काम आमच्या दफेदाराकडे होतं; रणगाड्यांच्या फौजेत हवालदाराला दफेदार म्हणतात. हा पाथर्डीकडचा. बोटांत अंगठ्या, कपाळावर सकाळी लावलेला टिळा, आणि येताजाता दुसऱ्याच्या ताटात डोकावायची सवय. कोण काय खातो यात या माणसाचा जीव अडकलेला. त्यानं ओंकारावर रंग मारला, ७८६ वर मारला, रिकाम्या चौकोनावर मारला. मारुती तेवढा ठेवला.

याकूब तिथंच होता. शांतपणे म्हणाला, "दफेदारसाहेब, रंग द्यायचा तर चारीला द्या. न्हाईतर येकालाबी नको."

"मारुती पुसला तर पाप लागंल."

"आन बाकीचे?"

"बाकीचं काय... नुस्तं रंगाचं काम हाय ते," दफेदार हसत म्हणाला. ते हसू मला आजही आठवतं आणि आजही तोंड कडू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकाऊ पोरं टरेटमध्ये उतरली आणि उतरली तशीच वर आली. एकानं रणगाड्यावरच ओकारी काढली. मला बोलावणं आलं. मी झाकणातून डोकं आत घातलं आणि... कसं सांगू. आंबलेलं दूध, ओली कातडी आणि त्यात काहीतरी गोड. तो गोडपणाच भयंकर होता. नाकात नाही, जिभेवर बसायचा. थुंकलं तरी जायचा नाही, वर चहा प्यायलो तर चहाला तीच चव. मेलेल्या गुराचा वास मला माहीत आहे. हा तो नव्हता. डोकं झाकणाबाहेर काढलं की काही नाही, स्वच्छ हवा. आत घातलं की पुन्हा तेच.

मी खोलायला घेतलं. तोंडाला फडकं बांधून तळाच्या प्लेटा काढल्या, बॅटऱ्या काढल्या, दारूगोळ्याचे कप्पे रिकामे केले. मिळालं काय – एक वाळलेली पाल, कुणाचा तरी मोजा, बिस्किटाचा चुरा. डिझेलनं धुतलं, फिनेल ओतलं, झाकणं उघडी टाकून दिवसभर उन्हात ठेवलं. फिनेलचा वास उडून जायचा आणि हा राहायचा. मी दोनदा ओकलो. माझी मलाच लाज वाटली.

मग दफेदारानं तोंड उघडलं. सगळ्यांसमोर, शेडमध्ये.

"मटान कोंबलंय ह्याच्यात. मारुतीच्या नाकाखाली. कुनी ते मी सांगाया पायजे का?" आणि पुढं याकूबच्या जातीला धरून तो एक शब्द बोलला. तो मी इथं लिहिणार नाही, लिहिला तर कागद धुवावा लागेल.

शेडमध्ये बरीच माणसं होती. कुणी बुटाकडे बघत होतं, कुणी पान्याकडे. मी म्हणालो, दफेदारसाहेब, मी सगळी गाडी खोललीय, त्यात मांसाचा तुकडा नाही. तो म्हणाला, "तू तर नास्तिक. तुजं काय धरायचं?"

प्रकरण मेजरसाहेबांपर्यंत गेलं. ते न्यायी माणूस, पण तक्रार झाली होती आणि रणगाडा घाण मारत होता हे खरं होतं. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत कारण सापडलं नाही, तर याकूबची शिस्तभंगासाठी पेशी होणार असं ठरलं. याकूब ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर होण्याच्या बेतात होता. स्वतःच्याच गाडीत घाण टाकली असा डाग लागला असता तर ते गेलंच, नोकरीचंही खरं नव्हतं. त्याचे वडीलही फौजेतले. सुप्यात त्यांची बसायची जागासुद्धा गाव मोकळी ठेवायचं.

याकूब माझ्याशेजारी पाना पुसत बसला होता. म्हणाला, "आरं, त्या गाडीनं माजा जीव वाचिवला. तिच्यात मी घान टाकीन व्हय? वडलांला काय सांगू? मारुतीचा काय राग हाय मला? त्यो तर आमच्याबरूबर लढाईत हुता."

मला रडू आलं नाही, मला ओकारी आली. वासाची नव्हे, माणसांची.

मुदतीचा दिवस उजाडला तेव्हा एकच गोष्ट खोलायची राहिली होती, ती म्हणजे रंग. मी विचार केला, वास रंगानंतर सुरू झाला, तर रंगच नासका असणार. यात दैवी काही नाही, साधा हिशेब. टर्पेंटाइन, चिंध्या आणि पत्र्याची पट्टी घेऊन फडकं बांधून आत बसलो. दफेदाराला म्हटलं, तुम्हीही या. त्याला यायचं नव्हतं. मेजरसाहेब वर झाकणापाशी उभे होते, म्हणून आला.

आधी सरदारजींचा चौकोन घासला. ओंकार वर आला आणि श्वास जरा मोकळा झाला. मला वाटलं, टर्पेंटाइनचा परिणाम. मग ७८६. ते दिसायला लागलं तसा वास निम्म्यानं उतरला, दफेदारानंसुद्धा नाकावरचा रुमाल काढला. मग मी उरलेली सगळी भिंत घासली. पार पत्र्याला लागेपर्यंत. तरी घशात ती गोड घाण राहिलीच. बारीक, पण होती. चौथ्या चौकोनाची जागा मी सोडली होती. तिथं वर काढण्यासारखं होतंच काय?

मेजरसाहेब वरून म्हणाले, "अभी भी है."

मी नाक भिंतीला लावून हुंगत सरकलो. त्याच जागेपाशी तो गोडपणा पुन्हा जिभेवर बसला. दफेदाराला म्हटलं, हुंगा. त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवून तिथंच ओकला. अंगठ्या घातलेला हात तोंडावर दाबून.

मी तो चौकोन घासला. पांढऱ्या चार रेघा वर आल्या. आत जुना फिक्का रंग, बाकी काही नाही. आणि वास गेला. कमी झाला नाही, गेला. दिवा मालवावा तसा. दफेदाराच्या ओकारीचा आंबूस वास तेवढा राहिला, आणि खरं सांगतो, तो मला अत्तरासारखा वाटला.

खरवडलेला रंग मी डब्याच्या झाकणात गोळा करून बाहेर आणला. हुंगला, काही नाही. उरलेला डबा हुंगला, काही नाही. त्याच डब्यातला रंग शेजारच्या रणगाड्याला दिलेला होता, तिथंही काही नाही. मेजरसाहेबांनी स्वतः खात्री केली आणि पेशी रद्द केली. दफेदार याकूबच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मनावर घेऊ नगं." बस, एवढंच. संध्याकाळी त्यानं नारळ फोडला आणि खोबरं वाटत सुटला – मारुती जागृत हाय म्हणून! मी खोबरं घेतलं नाही. प्रसाद नाकारायची माझी ती पहिलीच वेळ. याकूबनं घेतलं आणि त्याच्याशी हसून बोललासुद्धा. मला नाही जमलं. आजही तो समोर आला तर जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब रणगाड्यावर चढले, आत वाकले. भिंत पत्र्यापर्यंत घासलेली आणि वर फक्त चार चौकोन. त्यांनी तीन बघितले आणि चौथ्यावर बोट ठेवलं.

"ये खाली किसका है?"

दफेदार म्हणायला लागला, "साहब, वो तो ऐसेही..."

"मेरा है, साहब," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"धरम?"

"कुछ नहीं, साहब."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. म्हणाले, "रहने दो." आणि उतरले.

मागून याकूबनं मला ढोसलं. "तुजा कवापासनं झाला रं त्यो?"

"कालपासून," मी म्हणालो.

याकूब पुढं इन्स्ट्रक्टर झाला, नंतर सुप्यात घर बांधून राहिला. भेटला की म्हणायचा, अल्लानं इज्जत राखली. दफेदार पुढंही मारुतीचंच नाव सांगत फिरला असणार. दोघांनाही उत्तर मिळालं. पण ओंकार चिडला, ७८६ चिडलं, असं घटकाभर धरून चाललो तरी चौथ्या चौकोनात कोण होतं? तिथं तर काहीच नव्हतं. शेवटचा वास तिथंच होता, आणि तो मी माझ्या नाकानं घेतलाय.

घरी रंगकाम निघालं की मी आजही बाहेर जाऊन बसतो. कुणाला कारण माहीत असेल तर जरूर कळवा. देवाचं नाव घेऊन सांगणार असाल, तर मात्र राहू द्या.