म्हाळसाबाई शहरात चुकली तो दिवस

बजाजनगरच्या त्या गल्लीत नवी सून आली की तिची सत्यनारायणाची पूजा एकवेळ लांबेल, पण म्हाळसाबाईंबरोबरची शहरातली फेरी काही टळत नाही. पाणचक्की, भडकल दरवाजा, जुना बाजार, सिटी चौक, मछलीखडक, गुलमंडी. सगळं पायी. कुणी रिक्षाचं नाव काढलं की बाई फणकारतात, "का गं, पाय भाड्यानं आणलेत का?" वाटेत कुणाला रामराम, कुणाला जयभीम, कुणाला सलाम. जणू सगळं शहर त्यांच्या माहेरचं.

आणि हीच बाई एके काळी या शहरातून पळून जायला निघाली होती!

म्हाळसाबाई बिडकीनकडच्या एका धनगराच्या लेक. मेंढरांमागं हिंडत वाढल्या. शाळा चौथीपर्यंत, तीही बापाचा तळ पडेल त्या गावातली. नवरा मुंजाबा त्यांच्यातलाच, पण मेंढरं सोडून वाळूजच्या एका कारखान्यात लागलेला. लग्न ठरताना बापानं, सोनाजीनं, अट घातली. "म्हैनाभर बघू. पोरगी रमली नाय तर माघारी आणून घालायची. आन् तुला बायकू पायजे आसंल तर कंपनी सोडून तूबी मेंढरांमागं ये." मुंजाबानं मान डोलावली. त्या वेळी पोरीकडं बघत त्यानं कशालाही मान डोलावली असती.

महिना संपत आला तरी म्हाळसा रमली नव्हती. पत्र्याची खोली, वेळी-अवेळी वाजणारा भोंगा, आणि शेजारणी सगळ्या परमुलखातल्या. मुंजाबा शिफ्टला गेला की ती दार लावून रडायची. गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं होतं तिनं. इकडं मुंजाबाची नोकरी कायम व्हायच्या बेतात, आणि ती माघारी गेली तर तीच सोडायची पाळी. चौऱ्याण्णव सालची संक्रांत नुकतीच झाली होती. सुट्टीच्या दिवशी तो म्हणाला, "चल, तुला शहर दाखवतो. मंग काय ते ठरव."

पाणचक्कीवर उंच भिंतीवरून हौदात पडणारं पाणी बघून ती जरा हसली. शेजारच्या नळावर दोघं पोटभर पाणी प्याली. एवढ्यावर मुंजाबाला हुरूप चढला. "ह्यो भडकल दरवाजा. मलिक अंबर म्हणून व्हता कुणी, त्यानं बांधला," असं मोठ्यानं सांगत तो पुढं, ही मागं. धनगरांची चालायची रीतच ती. पुरुष कळपाच्या पुढं, बायका मागं, आणि पुढच्यानं वळून बघायचं नाही. मेंढरांच्या घंट्या वाजताहेत तोवर सगळं ठीक, एवढं त्याला पुरतं. गुलमंडीच्या गर्दीत कुठल्या आल्यात घंट्या? मुंजाबा बोलत बोलत पुढं निघून गेला आणि म्हाळसा एका हातगाडीमागं अडकली ती अडकलीच. गाडी हलली तेव्हा समोर नवरा नव्हता.

तिला रडूच कोसळलं. हाका मारायच्या तर नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? बांगड्यांच्या दुकानातून बिल्किस नावाची बाई खाली उतरली. "कायकू रोती बहन? घर किधर है?" म्हाळसाला घराचा पत्ताही नीट सांगता येईना. पण त्याच घडीला बापाचं सांगणं आठवलं. चुकलेलं मेंढरू रानभर धुंडाळायचं नाही, शेवटचं पाणी जिथं प्यालं तिथं जाऊन बसायचं. ते तिथंच येतं.

"पाणी पडतंय ना भिंतीवरनं," ती म्हणाली, "तिथं जायचंय."

"पनचक्की! इत्ताच ना?" बिल्किसनं दुकान तसंच उघडं टाकलं, तिला सिटी चौकापर्यंत आणून सोडलं आणि जुन्या बाजाराचा रस्ता दाखवून दिला. म्हाळसा आयुष्यात पहिल्यांदा शहरातून एकटी चालली. कुणी तिला खाल्लं नाही.

भडकल दरवाजाशी रस्त्याला फाटे फुटले तशी ती पुन्हा घोटाळली. निळ्या लुगड्यातली एक म्हातारी चाललेली, तिला विचारलं.

"चल की माझ्यासंगं. मी त्याच अंगाला चालले. युनिव्हर्सिटीवर बाबासायबांचं नाव लागलंय, ती पाटी बघाया."

तिचं नाव भामाबाई. चालता चालता तिनं आपली कहाणी सांगितली, तीही रडगाणं न गाता. हेच नाव द्या म्हणून लढा पेटला तेव्हा गावातल्या लोकांनी तिचं घर जाळलं होतं. अंगावरच्या कपड्यानिशी पोरं घेऊन ती या शहरात उतरली, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात झाडू मारून पोरं वाढवली, आणि मोर्चा निघाला की काम टाकून मोर्च्यात गेली.

"भ्या नाय वाटलं, मावशी?"

"वाटलं की. पर माघारी जायाला घर कुठं हुतं?"

पाणचक्की आली. हौदाशी मुंजाबा नव्हता. म्हाळसा हौदाकाठच्या दगडावर बसली. तो कंपनीचा माणूस झालेला, मेंढरांची रीत त्याला कशाला आठवेल? तो स्टँडवर शोधत असेल, चौकीत गेला असेल. ऊन कलायला लागलं. भामाबाई शेजारी बसली होती.

"मावशी, तुमी जावा. पाटी बघायची ऱ्हाईल."

"पाटी कुठं पळून जाती? इतकी वर्सं थांबले, आजून घटकाभर थांबंन. तुला एकलीला टाकून बघितलेली पाटी मला ग्वाड लागंल व्हय?"

म्हाळसा तिच्याकडं बघतच राहिली. जिच्यासाठी घर गेलं, पोरं उपाशी राहिली, ती पाटी थोड्याच अंतरावर होती. आणि ही बाई ओळखपाळख नसलेल्या पोरीसाठी दगडावर बसून होती. म्हाळसा सरकून तिच्या खांद्याला खांदा लावून बसली.

मुंजाबा आला तो धापा टाकत, चप्पल तुटलेली. पैठण गेट, स्टँड, पुन्हा गुलमंडी असं सगळं पालथं घातल्यावर त्याला पाणी आठवलं होतं. बायको दिसली तसा तो मटकन खालीच बसला. "माझंच चुकलं गं. मागं वळून बघितलंच नाय. उंद्याच तुला तुझ्या बापाकडं सोडतो. जाऊ दे ती कंपनी."

म्हाळसा उठली. "ते ऱ्हाऊ द्या. आदी मावशीला पाटी दावू."

तिघं विद्यापीठाच्या दरवाजाशी पोचली तेव्हा तिथं लेकुरवाळ्या बायांची गर्दी होती. भामाबाईनं वर पाहिलं, हात जोडले आणि हळूच म्हाळसाच्या कोपराला धरलं. "मला वाचता येत नाय, पोरी. तू वाच."

म्हाळसा अडखळत, एकेक अक्षर जुळवत वाचू लागली. "डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ."

"पुन्यांदा वाच."

तिनं पुन्हा वाचलं, आता न अडखळता, मोठ्यानं. आजूबाजूच्या बायाही ऐकायला थांबल्या. भामाबाईच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

परतताना मुंजाबानं चाचरत विचारलं, "मंग उंद्या सकाळच्या गाडीनं निघायचं का बिडकीनला?"

"उंद्या तुमची पैली पाळी हाय ना?" म्हाळसा म्हणाली. "डब्याला भाकर देऊ का चपाती?"