कळलावीचं मूळ

निजामाच्या राज्यात, अडतीस सालच्या सुमाराला, आखाडा बाळापुरात खतीजाबीच्या हातावर न जन्मलेलं पोरगं शोधावं लागलं असतं. नवरा लतीफ कापूस पिंजायचा आणि ही बाळंतपणं करायची. मराठ्याचं घर असो, मोमिनाचं असो की तांड्यावरची झोपडी, बोलावणं आलं की पदर खोचून निघायची.

तिच्या बटव्यात कळलावीचं मूळ असायचं. पावसाळ्यात बांधावरच्या काट्यांतून लाल-पिवळी फुलं वर आली की ती जागा हेरून ठेवायची, आणि वेल वाळला की खालचा नांगरासारखा वाकडा कंद उकरून आणायची. कळा मंदावल्या तर तो सहाणेवर उगाळून बाईच्या तळपायांना लावायचा; लेकरू बाहेर आलं की नाळ कापायच्याही आधी पाय कोमट पाण्यानं धुवायचे. सासूनं हे शिकवताना तिचा कान पिळून सांगितलं होतं, "पोटात कणभर गेलं तरी बाई हातची जाईल."

त्या वर्षी सोनाजीची बायको आशाबाई पहिलटकरीण होती, जेमतेम सतरा वर्षांची. सोनाजी गावातला मोठा जमीनदार, आणि घरात त्याची आई मंजुळाबाई सांगेल ती पूर्व दिशा. सकाळपासून कळा येत होत्या, जात होत्या. खतीजाबीनं पोट चाचपलं, पायांना लेप लावला आणि म्हणाली, "पहिलं हाय, वेळ लागनारच. घाई करू नका." दुपारी ती अंगणातल्या चुलीवर पाणी तापवायला म्हणून बाहेर गेली. उगाळून उरलेलं मूळ सहाणेवरच राहिलं.

ती परतली तेव्हा मंजुळाबाई रिकामी वाटी पदराआड धरून उभी होती. वाटीत काय होतं हे विचारायला उसंत मिळाली नाही. बाळाचं डोकं दिसू लागलं होतं. घटकाभरात मुलगी झाली, चांगली रडली. खतीजाबीनं पाय धुतले, नाळ कापली, बाळंतिणीला निजवलं.

दिवस मावळायला आशाबाईच्या घशात आग पडली. मग उलट्या, जुलाब, हातापायाला मुंग्या. खतीजाबीनं सहाण पाहिली. मूळ निम्म्यावर आलं होतं.

"काय दिलं व्हतं तिला?"

"काय न्हाई," मंजुळाबाई म्हणाली.

"मंजुळाबाई, खरं बोला. पोरगी मरून राहिली!"

तेव्हा कुठं तोंड उघडलं. सोनाजीनं दाराबाहेरून विचारलं होतं, पायाला लावून एवढा वेळ लागतो तर पोटातच काहून देत न्हाई? म्हणून गुळाच्या पाण्यात कालवून पाजलं होतं.

खतीजाबीच्या अंगाची लाही लाही झाली. वीस वर्षं ती बायकांना बजावत आली होती, या घरातही सकाळीच बजावलं होतं! "गाडी जुंपा," ती सोनाजीला म्हणाली, "हिंगोलीच्या दवाखान्यात नेऊ."

"माझ्या बायकोला परक्या पुरुषानं हात लावायचा?" सोनाजी म्हणाला. "जमनार न्हाई."

"मंग तिला ईख पाजताना लाज कुठं गेली व्हती?"

गाडी जुंपली नाही. तीन दिवस खतीजाबी त्या घरातून हलली नाही. मीठ घातलेली पेज चमच्या-चमच्यानं पाजत राहिली. आईच्या दुधातून लेकराला बाधू नये म्हणून शेजारच्या ओल्या बाळंतिणीच्या अंगावर त्याला लावलं. मूळ सहाणेवर सोडून गेल्याचा रागही तिच्या मनात होता, आणि तो स्वतःवरचा होता. चौथ्या दिवशी आशाबाईनं डोळे उघडून पाणी मागितलं.

पण बारशाला फणी फिरवली तर केस मूठ-मूठ हातात आले. आठ दिवसांत डोकं उघडं पडलं. मंजुळाबाईनं गावभर सांगितलं, सुईणीनं चेटूक केलं. सोनाजी चावडीवर बसून म्हणाला, "त्या बाईला आता कुनाच्या दारात उभं करू नका. आन् या बोडकीला बी माहेरी धाडनार हाय मी."

हे कानावर आलं तेव्हा खतीजाबी भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातानं ती भर दुपारी चावडीवर गेली. मूळ आणि सहाण सोबत होती. पोलीस पाटील, दहा-बारा माणसं, सगळ्यांसमोर तिनं मूळ उगाळलं आणि आपल्या दोन्ही तळपायांना फासलं.

"हे बगा. मी हितं बसते, मला काय व्हतं ते बगा. आता सोनाजीराव, तुमी हे घोटभर प्या. माझ्या चेटकानंच झालं असंन तर ह्या मुळाला काहून भ्यावं लागतं? प्या की!"

सोनाजीनं मान फिरवली. पोलीस पाटील म्हणाला, "बाई, झालं ते झालं, जा घरी."

"झालं न्हाई पाटील. पोरीचं वाटोळं करून मलाच गुन्हेगार करून राहिले हे!"

तेवढ्यात आशाबाई आली. लेकरू छातीशी, डोक्यावर पदर. तिनं पदर खाली घेतला. माणसांनी नजरा चुकवल्या.

"खतीजाबीनं न्हाई दिलं," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "सासूबाईंनी पाजलं. ह्यांनी दारातून सांगितलं. मी नको नको म्हनत व्हते. ह्या बाईनं मला राखलं."

सोनाजी उठून निघून गेला; माफी त्यानं मागितली नाही, पुढंही कधी नाही. पण आशाबाईला माहेरी धाडायची भाषा बंद झाली. सहा महिन्यांनी तिच्या डोक्यावर बोटभर केस आले, पहिल्यापेक्षा कुरळे.

खतीजाबीनं मात्र ते मूळ कायमचं सोडलं. बायका मागायच्या, ती म्हणायची, "मूळ चांगलं हाय गं, पन घरात कोन कसं हाय हे मला बाहेरून दिसत न्हाई." त्यानंतर कळा मंदावल्या की ती बाईला धरून अंगणात चालवायची, कंबर चोळायची, आणि बाळंतिणीजवळ कुणाला वाटी घेऊन फिरकू द्यायची नाही. मंजुळाबाईसमोरून जाताना ती थांबायची, तिच्या तोंडाकडं पुरतं पाहायची आणि मगच पुढं जायची.