ढवळ्याच्या गळ्यातली कडी

सेलूच्या बाजारामागे गुलाबरावांचे बंदूकदुरुस्तीचे दुकान आहे. परवाना वडिलांच्या काळापासूनचा. आता वर्षाकाठी चार-पाच बंदुका येतात. एरवी ते कुलपे दुरुस्त करतात, आणि किल्ली कशी हरवली हे गिऱ्हाईक सांगत असतानाच कुलूप उघडून ठेवतात.

पोळ्याला चार दिवस उरले असताना नाचणगावकडचे वासुदेवराव आजोबांची ठासणीची बंदूक घेऊन आले. त्यांच्या वस्तीत तोरणाखालचे बैल याच बंदुकीच्या बाराने सुटत. यंदा ती वाजली नाही तर फटाक्यांची लड लावायचे ठरले होते, आणि लडीने पोळा फुटावा हे वासुदेवरावांना मान्य नव्हते.

गुलाबरावांनी आधी गज टाकून नळी रिकामी असल्याची खात्री केली. मग दोष पाहिला. नळीचे मागचे तोंड बंद करणारे आट्यांचे बूच वासुदेवरावांनी सफाईसाठी घरीच खोलले होते. परत आवळताना ते जुन्या जागी न थांबता पाव फेरा पुढे गेले. त्याची पट्टी दस्त्याच्या खाचेत बसवली की नळी तिरपी होई आणि घोडा ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर न पडता शेजारी आपटे.

पाव फेरा ढिले सोडले तर चालेल का, असे वासुदेवरावांनी हळूच विचारले.

"चालते ना. बैल गावात पळतीन अन् तुमी दवाखान्यात."

गुलाबरावांनी भिंग लावले. बुचाच्या काठावर हिरवट गोल डाग होता.

"इथं तांब्याची कडी होती, भाऊ. माह्या बुढ्यानं टाकलेली. कुठी हाये?"

वासुदेवरावांनी घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी शांतपणे सांगितले की सफाईच्या रॉकेलच्या वाटीत सापडलेली कडी त्यांनी चिंचेने घासली आणि घुंगरांबरोबर ढवळ्या बैलाच्या गळ्यात ओवली.

"सोन्यावानी चमकून राह्यली. काऊन, तुमाले पायजे का?"

दुसऱ्या दिवशी कडी आली. ढवळ्याने ती देताना दोनदा शिंग उगारले म्हणे. गुलाबरावांनी ती लाल तापवून पाण्यात विझवली, म्हणजे तांबे मऊ पडते. ती घालून बूच आवळले, तेव्हा पट्टी खाचेसमोर येऊन थांबली. कानसही लावावी लागली नाही. मग बंदूक जुन्या टायरला बांधून, भिंतीआडून दोरीने त्यांनी दोन बार काढले. बूच तसूभरही हलले नाही.

पोळ्याला वासुदेवरावांनी त्यांना आग्रहाने बोलावले. छर्ऱ्यांविना फक्त दारूचा बार झाला, तोरणाखालचे बैल उधळले. ढवळ्या मात्र जागचा हलेना. गुलाबराव त्याच्याजवळ गेले. खिशातून तांब्याच्या नळीतून कापलेली, घासूनपुसून चकचकीत केलेली नवी कडी काढून त्यांनी ती त्याच्या घुंगरांत ओवली.

"घे राजा. तुही उधारी फिटली."

आणि ढवळ्या निघाला.