पाटे की ठोकळे

आमच्या भागात 'गाडी उचलली' म्हणजे नवी गाडी घेतली. त्यामुळे मी वाडीत एकदा सहज 'गाडी उचलतंय' म्हणून बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी पेढे मागायला हजर. घरात आहे तीच जुनी जीप जमिनीपासून थोडी उंच करून घ्यायची आहे, हे मी त्यांना अंगणात उकिडवा बसून, जीपच्या पोटाखाली बोट दाखवून समजावलं. पेढे मिळणार नाहीत, एवढंच त्यांना समजलं.

उंच करायची होती ती बाबांसाठी. बाबांना काजूची बाग बघायची होती. बाग वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, घरापासून दीडेक मैल, आणि झाडन् झाड त्यांनी स्वतः लावलेलं. गुडघे गेले तशी दोन वर्षं ते वर गेले नव्हते. मी मोबाइलवर मोहोराचे फोटो काढून आणायचो. बाबा फोन हातात घ्यायचे, उलटा करून मागची बाजू बघायचे आणि परत द्यायचे.

"ह्येका वास खंय आसा?" ते म्हणायचे. "मोहोर काळो पडायच्या आधी माका एकदा वर घेवन चल."

चला म्हणायला माझं काय जात होतं? पण वाटेत एक दगड आहे. एका बाजूला गडग्याची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला घळ, आणि मधोमध हा. त्याच्यावरून जायचं तर चाकं दोन बाजूंना ठेवून जायचं, आणि तिथे जीपचं पोट घासून गाडी अडकायची. दगड फोडा म्हणाल, तर तो देवचाराचा, गावाच्या राखणदाराचा. वर्षातून एकदा त्याच्यापुढे नारळ फुटतो, आणि त्याला पहार लावायला अख्ख्या पंचक्रोशीत माणूस मिळणार नाही. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यावं, असं मी एकदा सुचवून बघितलं.

"माका चौघांनी उचलूचा ता एकदाच," बाबा म्हणाले, "आणि तेका अजून टाइम आसा."

म्हणजे दगड हलणार नाही, बाबा चालणार नाहीत, उचलायची ती गाडीच.

कसालचा मेकॅनिक म्हणाला, पाटे घाला. चाकांच्या वर जे कमानपाटे असतात, त्यांत जास्तीचे पाटे भरले की सगळी गाडी पोटासकट चार बोटं वर जाते. सावंतवाडीचा मेकॅनिक म्हणाला, पाट्यांनी गाडी दगडासारखी कडक होईल, म्हाताऱ्या माणसाची कंबर वाटेतच राहील. त्यापेक्षा चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घाला, मग मोठे टायर बसतात, आणि टायरांनी गाडी उंच होते. नमुना म्हणून त्याने एक ठोकळा दाखवला. तो त्याने गावातल्या खेळणीवाल्याकडून लाकडात कातून, वर लाल-पिवळी लाख चढवून आणला होता. खरे ठोकळे नायलॉनचे येतील म्हणाला, पण मला तो लाकडीच आवडला. कसालवाल्याला हे सांगितलं तर तो भडकलाच. "ठोकळ्यांनी फक्त टोपी वर जाता. प्वाट थंयच रवता!"

मी तसा तापट माणूस, पण निर्णय घ्यायची वेळ आली की माझं मांजर होतं. महिनाभर मी वाळवंटं ओलांडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघितले. आमच्या वाटेवर वाळवंट नाही, एक दगड आहे, हे बायकोने दोनदा लक्षात आणून दिलं. इकडे मोहोर भरात आला होता. शेवटी बाबाच वैतागले. "देवाक कौल लाव," म्हणाले. "मेकॅनिकाक काय कळता?"

आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं देवाला विचारतात. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा, आणि कुठल्या बाजूची पडते ते बघायचं. पण गाडीच्या सस्पेन्शनबद्दल कौल लावायची गुरवाची पहिलीच वेळ. "आदी माका समजाव, मगे मी देवाक समजावतंय," तो म्हणाला. तेव्हा देवळाच्या पायरीवर कोळशाने चासी काढून मी त्याला पाटे आणि ठोकळे शिकवले. त्याने तीन शंका काढल्या, आणि तिन्ही माझ्या डोक्यात महिनाभरात आल्या नव्हत्या.

मग त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! तुझा लेकरू आज तुका विचारूक इला आसा. तेच्या गाडयेच्या पोटाक दगड लागता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले चारपाच जण ओरडले.

"उजवी दिलंस तर पाटे, डावी दिलंस तर ठोकळे. काय ता आज समजाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आम्ही हात जोडून उभे. बराच वेळ काही नाही. गुरवाने हळूच मला विचारलं, टायरांचा सांगूचा रवला काय? तेवढ्यात दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या.

असं कुणी कधी बघितलं नव्हतं. गुरवाने दोन्ही पाकळ्या उचलून उलटसुलट निरखल्या. मग माझ्याकडे वळून अगदी ऑफिसातल्या मराठीत म्हणाला, "दोन्ही मंजूर आहेत."

देवाने मंजूर केलेलं नाकारायची माझी छाती नव्हती. कसालला पाटे घातले, सावंतवाडीला ठोकळे आणि मोठे टायर. जीप वीतभराहून जास्त उंच झाली. अंगणात उभी केल्यावर तिच्याखालून कोंबड्या मान न वाकवता जाऊ लागल्या. असली वाढवलेली गाडी आरटीओवाले धरतात, म्हणून इन्सुलीच्या तपासणी नाक्याच्या दिशेने ती मी अजून नेलेली नाही. पण दगडावरून एकदा रिकामी नेऊन बघितली आणि पोटाला ओरखडाही आला नाही. मी घरी येईपर्यंत एकटाच मोठमोठ्याने हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून तयार. जीपपाशी आले, आणि पाय ठेवायची पट्टी त्यांच्या मांडीला लागली. त्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. दगडासाठी मी जे जे वर चढवलं होतं, ते सगळं त्यांच्या गुडघ्यांवर येऊन बसलं होतं, आणि हे एका माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. गुरवाच्यासुद्धा. मला स्वतःचीच एवढी लाज वाटली की मी उगाच टायरला लाथ मारली.

पायाखाली जांभ्या दगडाचा चिरा ठेवून बघितला, पुरेना. दोन चिरे ठेवले, तर बाबा चिऱ्यांवरच चढेनात. अंगणात प्लास्टिकची खुर्ची होती. उचलायला शेजारचे दोघे आले, तिसरा मी, आणि चौथा येत होता तर बाबांनी हात वर केला.

"चौघे नको. तिघांनी उचला."

तीन माणसांनी चार पायांची खुर्ची उचलणं सोपं नाही. बाबा एका कुशीवर कलंडत, आम्हाला शिव्या घालत, एकदाचे सीटवर पोचले. दगडावरून गाडी गेली तेव्हा त्यांनी खाली बघून हात जोडले. पाट्यांनी आदळून माझीच कंबर धरली.

बागेत पोचल्यावर मी खुर्चीसाठी कुणाला बोलवायचं ते ठरवू लागलो, पण बाबा उतरायला तयारच होईनात. "उतारलंय तर चढतलंय कसो?" म्हणाले. "झाडाकडे गाडी घे."

मग मी ती उंच जीप प्रत्येक झाडाखाली नेली. पुढे घेतली, मागे घेतली, गडग्याला घासली. जमिनीवर उभं राहून त्यांना अलीकडे जे कधी हाताला लागलं नव्हतं, ते सगळं आता थेट तोंडासमोर येत होतं. मोहोर ओढून वास घेत होते, सुकी काटकी मोडून माझ्या अंगावर टाकत होते, आणि छाटणी नीट केली नाही म्हणून मला प्रत्येक झाडाखाली वेगळी शिवी मिळत होती. इतकं सुख मला त्या गाडीने कधी दिलं नव्हतं.

वरच्या टोकाला त्यांनी पहिलं लावलेलं झाड आहे. त्याची मोहोराने भरलेली एक फांदी त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही. फुलं त्यांच्या सदऱ्यावर गळत होती.

"रे, इंजिन बंद कर," ते म्हणाले. "फांदी हलता."

इंजिन मी केव्हाच बंद केलं होतं. थरथरत होते ते त्यांचे हात. मी किल्ली उगाच एकदा फिरवल्यासारखी केली आणि म्हटलं, "केलंय, बाबा."