न चिकटणारे जंतू

लोक सकाळी उठून दातांवरचे जंतू घासून काढतात. ताई कामावर जाऊन ते चिकटवायच्या. दातांच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली. उपटलेले दात उकळून त्यांच्या पातळ चकत्या कापायच्या, त्या माणसाच्या लाळेत भिजवायच्या आणि मग जंतूंच्या पाण्यात सोडायच्या. लाळेचा न दिसणारा पापुद्रा दातावर बसला की त्याला धरून जंतू बसतात. कीड खोल गेली की दातातले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू उघडे पडतात. जंतू त्यांनाही बिलगतात. शेवटी चकती धुऊन किती जंतू टिकले ते बघायचं. कसब होतं ते धुण्यात. हात जड पडला तर सगळेच वाहून जातात, हलका पडला तर नुसते टेकलेलेही राहतात. ताईंचा हात नेमका होता.

लाळ द्यायची ती तिथल्याच चौघांनी, उपाशीपोटी, बर्फात ठेवलेल्या कपात. सगळ्यांत आधी यायचे भांडार सांभाळणारे भाऊ.

"घ्या ताई, ताजा माल."

"झाकण बंद करा आधी. आणि तोंडही."

नातं रक्ताचं नव्हतं. पण बायको गेल्यापासून भाऊ दुपारी ताईंच्याच डब्यात जेवायचे, आणि ताई घरचं दुखणंखुपणं त्यांनाच सांगायच्या.

अशात एकाएकी जंतू चिकटेनासे झाले. चकत्या कोऱ्या करकरीत. ताईंनी पाणी बदललं, भांडी बदलली, पुन्हा पुन्हा करून पाहिलं. व्यर्थ. शेवटी साहेबांनी बोलावलं.

"ताई, पुढच्या महिन्यापासून तुम्ही भांडी धुण्याकडे बघा. चकत्या दुसरं कोणीतरी करेल."

"माझं काय चुकलं, साहेब?"

"चुकलं नाही हो. वय आहे. भाऊच म्हणत होते, डबा उघडताना तुमचे हात थरथरतात. काळजीपोटीच म्हणाले बिचारे."

घरी येऊन ताईंनी काठोकाठ भरलेला पेला हातात धरून पाहिला. थेंब सांडला नाही. भाऊंना तसं वाटलं असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. राग आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पडलेल्या चेहऱ्याने डब्यातला आपला वाटाही भाऊंपुढे सरकवला, तेव्हा भाऊ म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आराम करा आता."

पण एक गोष्ट ताईंच्या डोक्यातून जाईना. चकत्यांबरोबर कोलॅजेन लावलेल्या काही काचाही ताई तपासत, पण लाळेशिवाय. त्यांवर जंतू नेहमीसारखे गच्च होते. धुणारा हात तोच, पाणी तेच. म्हणजे खोट लाळेत. चौघांची लाळ नेहमी एकत्र होई. या खेपेला ताईंनी ती वेगवेगळी ठेवली. तिघांच्या चकत्या जंतूंनी भरल्या. चौथी कोरी राहिली. कप भाऊंचा होता.

दुपारी डबा न उघडताच ताईंनी विचारलं, "भाऊ, चूळ भरायचं औषध घेताय?"

भाऊंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "हिरड्या सडल्यात. तोंडाला वास मारतो. नातू मांडीवरून उठून जायचा हो. डॉक्टर म्हणाले, रोज घ्या."

"ते घेतलं की त्याचा अंश लाळेत राहतो, जंतू बसत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग मला सांगायचंत. मी तुमचं नाव गुपचूप गाळलं असतं."

"लाज वाटली. सगळ्यांनी नाक दाबलं असतं."

"बरं. आणि माझे हात?"

"साहेब एकेकाची लाळ तपासायला निघाले होते. काहीतरी सांगणं भाग होतं."

म्हणजे नजरचूक नव्हती, काळजीही नव्हती. समोर बसून, ताईंच्या हातचं खाऊन, या माणसाने त्यांचेच हात विकले होते. ताईंनी डबा उचलला आणि आपल्या कामाच्या टेबलाकडे परत गेल्या.

चौघांच्या वेगवेगळ्या चकत्या पाहून साहेबांनी चूक मान्य केली, चकत्या ताईंकडेच ठेवल्या. भाऊंचा कप बंद झाला. जंतू पुन्हा चिकटू लागले. फक्त ताई चकती धुवायला घेत तेव्हा साहेब येताजाता थबकायचे आणि बघायचे, चकतीकडे नव्हे, हातांकडे. आणि ते बघताहेत हे कळलं की ताईंचे हात खरोखर थरथरू लागत.