देवबागकारणीची जागा

आमच्या घराखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर माझ्या आजोबांच्या बहिणीचं नाव आहे. तिचं एकटीचंच. घरात सगळे म्हणायचे, तलाठ्याची चूक. बाईच्या नावावर कोण जमीन करतो? आजोबा तसं म्हणाले, बापूस तसं म्हणाला, मीही तेच म्हणत आलो. चूक आहे म्हटलं की विषय मिटतो. घरपट्टी आम्ही भरतो, माड आमचे, जाळी आमच्या पडवीत. कागदाकडे बघतो कोण?

बायको मेली तेव्हा बघायची वेळ आली. शेवटची दीड वर्षं ती अंथरुणावर होती. तिचं सगळं लेकीनं केलं. लेक नवऱ्याचं घर सोडून आली आहे, परत जाणार नाही. मुलगा मुंबईला. बायकोच्या बाराव्याला आला आणि तेराव्याला म्हणाला, "बाबा, हय होमस्टेवाले सोन्याचो भाव देतत. इकून टाकूया. तू माझ्याकडे चल."

"आणि ही?" मी विचारलं.

"तिचा बगू मगे."

ते 'बगू' मला कळलं. म्हणून ठरवलं की मी जिवंत आहे तोवर घर आणि जागा लेकीच्या नावावर करायची. मी चौथी शिकलेला माणूस. मला वाटलं, एक सही केली की झालं.

तलाठ्यानं कागद बघितला. म्हणाला, "आजोबा, ही जागा तुमची नाहीच. या बाई कधी वारल्या? वारस कोण? ते आणा."

आमच्या ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या वहीत ती नव्हती. लग्न होऊन गेलेली बाई माहेरच्या वहीत कशी सापडणार? मग ती दिली कुठे? घरात कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते बायकोला. कोणाची कोण, कुठे दिली, कोणाशी बोलणं बंद, सगळं तिच्या तोंडात असायचं. मी ऐकल्यासारखं करायचो. एकदा माशांना मीठ लावता लावता ती म्हणाली होती, तुमच्या आज्याची भयण बांद्याच्या फुडे दिलेली. गावाचं नावही सांगितलं होतं. ते तेवढं डोक्यात राहिलं होतं. बाकीचं ती बरोबर घेऊन गेली. आता विचारू कोणाला? फोटोला?

एसटी धरून त्या गावात गेलो. देवळाजवळ बसलेल्यांना सातबाऱ्यावरचं नाव सांगितलं. कोणी ओळखेना. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, माहेरचं नाव माहेरातच मरतं. मी परत फिरणार होतो. एक म्हातारी म्हणाली, "नावान कित्याक इचारतास? खंयच्या गावची ता सांगा."

"देवबागची."

"मगे देवबागकारीण म्हणा की! माझ्या आजयेच्या तोंडात आसायचा ता नाव. थंय, त्या फणसाकडच्या घरात."

घरात माझ्याच वयाचा माणूस होता. कोण, कुठला ते सांगितलं. त्यानं देव्हाऱ्यातून एक चांदीचा टाक आणून माझ्या हातावर ठेवला. नखाएवढी बाई कोरलेली, झिजून तोंड गेलेलं. पहिली बायको मेली की दुसरी तिचा टाक गळ्यात घालते, ते मला माहीत होतं.

"ही माझी आजी," तो म्हणाला. "माझ्या बापाशीच्या बाळंतपणात गेली. सावत्र आजयेन जलमभर गळ्यात बांधल्यान हिका."

मग त्यानं बाकीचं सांगितलं. सासरी जाच झाला म्हणून ती माहेरी गेली होती. तिच्या बापानं तिला घर बांधायला जागा लिहून दिली. बाप मेला आणि भावानं तिला परत इथे आणून सोडलं. भाऊ म्हणजे माझा आजोबा. चूक तलाठ्याची नव्हती.

चहा आला. मी म्हटलं, "माका कागदार तुमची सय होई. जागा माझ्या चेडवाक देवची आसा."

तो हसला. "तुमच्या आज्यान तिका हय सोडल्यान, आणि आता सयेक तुमी इलात. बरा आसा!" मग थोडा मऊ झाला. "मी करीन हो. पण मी एकलो न्हय. भाव आसत, त्येंचे झील आसत."

त्याचा पुतण्या दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं विचारलं, "देवबागात खंय? समुद्र दिसता थयसून?"

मी दिसतो म्हटलं. खोटं कसं बोलणार? आमच्याकडे पुढे समुद्र आणि मागे खाडी, पाणी नाही दिसणार तर काय दिसणार? पुतण्याचा चेहरा बदलला तो मी बघितला.

घरी येऊन मुलाला फोन केला. तो ओरडला, "कोणी सांगलेला थंय मरूक जावक? गावातले दोन पंच उभे कर. निपुत्रिक मेली म्हणान लिवन दी. संपला!"

पंच मिळाले असते. दोन शेजारी, दोन सह्या. तिला मूल नव्हतं म्हणायचं, मग जागा आमच्याकडे, माझ्याकडून लेकीकडे. बायको असती तर तिनं मला एका शब्दात काय ते सांगितलं असतं, आणि मी तिच्यावर चिडून तेच केलं असतं.

लेकीला सगळं सांगितलं. ती मासे साफ करत होती. म्हणाली, "म्हणजे तिका आणि एकदा हाकलूची? तसलो कागद माका नको."

"मगे तू ऱ्हवतलंस खंय? मी मेल्यार?"

तिनं कोयती पाण्यात बुचकळली आणि दुसरा मासा घेतला.

चार रात्री झोप नाही. खरं सांगितलं तर लेक रस्त्यावर, खोटं लिहिलं तर लेक घेत नाही. बाहेर जायला वाटच नाही. माझ्या आजोबानं दार लावलं, आणि आत आम्हीच राहिलो.

सोमवारी तलाठ्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "वारस?"

"आहे," म्हटलं. गाव सांगितलं, त्या माणसाचं नाव सांगितलं, त्याच्या भावांची सांगितली. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि माझा अंगठा नको, सहीच चालेल म्हणाला. केली.

घरी आलो तेव्हा लेक पडवीत बसली होती.

"सांगलंस?"

"सांगलंय."

"बरा केलंस," ती म्हणाली. उठली. "आता खंय ऱ्हवाचा ता बगूया. आदी जेव."